मागं राहणारी वैदीण

मंगलच्या हॉटेलाला नाव नव्हतं. पानशेत धरणाच्या पाण्याकडेनं आत जाणाऱ्या रस्त्यावर एक पत्र्याची शेड, चार टेबलं आणि पुढं 'घरगुती जेवण मिळेल' एवढीच पाटी. शनिवारी-रविवारी पुण्याच्या गाड्यांनी रस्ता भरून जायचा. पिठलं, भाकरी आणि भजी देता देता तिला पाणी प्यायला फुरसत मिळायची नाही. सोमवार उजाडला की तोच रस्ता इतका रिकामा व्हायचा, की लांबून येणारी एस.टी. दोन वळणं आधीच कानावर यायची. दोन दिवस माणसं बोलून बोलून कान किटवायची आणि पुढचे पाच दिवस ते कान तसेच उघडे राहायचे.

नवरा हनुमंत जाऊन आठ वर्षं झाली होती. एकुलती एक लेक सोनिया. तिनं पुण्यात नर्सिंग केलं, दोन वर्षं तिथल्याच एका दवाखान्यात काढली आणि गेल्या वर्षी गणपती उठल्यावर ती आयर्लंडला गेली. आयर्लंड नेमकं कुठं आहे हे मंगलला लेकीचं विमान उडाल्यावर कळलं. तोवर ते दुबईच्या जरा पुढं असेल असंच ती धरून चालली होती.

सुरुवातीला रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. सोनियानं खोली दाखवली, पलंग दाखवला, खिडकीबाहेरचा ओला रस्ता दाखवला. आठवड्याभरानं पुन्हा तीच खोली आणि तोच रस्ता दाखवला. जेवलीस का, थंडी आहे का, भाकऱ्या करायला पारूमावशी येते का, एवढं विचारून झालं की दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसायच्या. दोघींचाही जीव तुटायचा, पण तुटणारा जीव फोनवर दाखवायचा कसा हे दोघींनाही येत नव्हतं. मग कुणीतरी एक म्हणायची, बरं, ठेवते.

डिसेंबरात सोनियालाच याचा कंटाळा आला. पुण्याच्या होस्टेलात असल्यापासून ती मोबाईलवर एक गेम खेळायची. राक्षस, जंगलं, किल्ले आणि जगभरची माणसं एकाच वेळी त्यात हिंडणारी. तिनं आईलाही त्यात यायला सांगितलं. तिथं निदान बरोबरीनं काहीतरी करता येईल, नुसतं बघत बसायला नको, असं तिचं म्हणणं. गेमचं नाव तीन इंग्रजी शब्दांचं होतं आणि ते मंगलला कधीच नीट घेता आलं नाही. ती त्याला सोनीचं रान म्हणायची.

आत जाण्याआधी आपण कोण व्हायचं ते ठरवावं लागे. दगडी पायऱ्यांवर पाच जणी उभ्या होत्या. तलवारवाली, तिरंदाज, जादूगारीण, चोरटी आणि वैदीण. मंगल एकेकीवर बोट ठेवून बघणार, तेवढ्यात सोनियानं फोनवरून निकाल देऊन टाकला.

"तू वैदीण हो, आई. मारामारी माझ्याकडं. तू आपली मागं उभी राहा अन् माझ्याकडं ध्यान ठेव."

मंगलनं बाकीच्या चौघींकडं धड पाहिलंही नाही. लेकीकडं ध्यान ठेवायचं काम तिला येत होतं. नाव टाकायची वेळ आली तर मंगल हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं निघालं. शेवटी गेमनंच सुचवलेलं मंगल ४७ घेतलं. आपल्या आधीच्या सेहेचाळीस मंगला कुठं कुठं असतील, याचा विचार तिच्या मनात दोन दिवस घोळत राहिला.

सोनियाला तेव्हा रात्रपाळी होती. सकाळी आठला सुटून, खोलीवर येऊन, अंघोळ करून ती गेम उघडायची तेव्हा इकडं दुपारचे अडीच वाजलेले असायचे. मंगल तोवर आपलं जेवण आटपून, ताट घासून पाण्याकडच्या शेवटच्या टेबलावर बसलेली असायची, कारण रेंज तिथंच यायची. कानात सोनियानं जाताना ठेवलेले इअरफोन, खेळता खेळता त्यातूनच बोलता यायचं. समोर धरणाचं पाणी आणि हातात सोनीचं रान.

सोनिया तलवारवाली होती. ती पुढं घुसायची आणि मंगल मागं. लेकीच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी असायची. मार बसला की ती आखडायची. पट्टी अर्ध्यावर आली की मंगलनं पानाचं चित्र असलेलं बटण दाबायचं, मग तिच्या काठीतून उजेड निघून सोनियाच्या अंगावर जायचा आणि पट्टी पुन्हा भरायची. एवढंच काम. पण ते करताना मंगलच्या काळजाचं पाणी व्हायचं. सोनिया एका वेळी तीन-तीन राक्षसांना अंगावर घ्यायची आणि वरून ओरडायची, की आई, बघ की, मेले की मी. मंगलचं बोट त्या बटणावर असं चालायचं, की पहिल्या महिन्यात मोबाईलच्या काचेचा तेवढा भाग गुळगुळीत झाल्यासारखा तिला वाटला.

मागं उभं राहिल्यामुळं तिला लेकीची पाठच दिसायची. लाल अंगरखा, खाली लोंबणारी वेणी आणि पाठीला अडकवलेली गोल तांब्याची ढाल. त्या चार-पाच महिन्यांत मंगलनं सोनियाचं तोंड कमी आणि ही पाठच जास्त पाहिली.

आणि गंमत अशी झाली, की बोलणं सुरू झालं. हात आणि डोळे कामात गुंतले की तोंड मोकळं होतं, हे मंगलला भाकऱ्या थापणाऱ्या बायकांवरून ठाऊक होतं. मोबाईलवरही तसंच होतं हे नवीन. दलदलीतल्या खेकड्यांशी झुंजता झुंजता सोनिया सांगून गेली, की वॉर्डातला एक म्हातारा तिला आपल्या लेकीच्या नावानं हाक मारायचा, तो काल गेला, आणि ती चादरींच्या खोलीत जाऊन रडून आली. हे ती कॅमेऱ्यात बघून कधीच बोलली नसती. मंगलनंही एकदा सांगितलं, की आताशा ती वर घरी न जाता हॉटेलातच आडवी होते, कारण घरात कढई खाली ठेवली तरी आवाज घुमतो. त्या दिवशी सोनिया झोपायला जायची वेळ झाली तरी तासभर जास्त थांबली.

मार्चअखेरीला तिकडची घड्याळं एक तास पुढं गेली आणि सोनिया दीडला यायला लागली. मंगलनं आपलं जेवण साडेबारावर आणलं.

मे महिन्यात सोनियाला दिवसपाळी लागली. त्याच सुमाराला ती दवाखान्यातल्या तीन मल्याळी मुलींबरोबर भाड्याच्या घरात राहायला गेली. आता ती ड्यूटीवर निघायची तेव्हा मंगल दुपारच्या स्वयंपाकात असायची आणि ती सुटायची तेव्हा सगळं पानशेत गाढ झोपेत. सुट्टीच्या गुरुवारी येत जाईन असं तिनं सांगितलं. पहिल्या गुरुवारी आली. दुसऱ्या गुरुवारी त्या मुलींबरोबर समुद्रावर गेली. तिसऱ्या गुरुवारी म्हणाली, की आता तिचं खेळणं जवळजवळ सुटलंच आहे, पण आईनं खेळावं की खुशाल, मन रमतं. गेममध्ये मैत्रिणींची एक यादी असते. मंगलच्या यादीत एकच नाव होतं. त्या नावाचा रंग आता करडा झाला होता आणि पुढं आकडा यायचा, बारा दिवसांपूर्वी, चाळीस दिवसांपूर्वी, एकाहत्तर.

मंगलनं एकटीनं खेळून बघितलं. गावाच्या वेशीबाहेर एका डबक्यात रेडकाएवढा बेडूक होता. सोनिया त्याला येता-जाता उडवायची. मंगलनं काठी उगारली. वैदिणीची काठी ती, तिच्या पन्नास फटक्यांनी बेडकाच्या अंगावरचं शेवाळही निघेना. तो तिला चावला की ती स्वतःला बरं करायची. तिनं मारलं की तो डबक्यात बुडी घेऊन ताजातवाना होऊन यायचा. ना तो मरे, ना ती मरे. पाऊण तास हे चाललं. शेवटी मंगलनंच मोबाईल बंद केला आणि ती कांदे निवडायला उठली.

वैदिणीला एकटीनं काहीच करता येत नाही हे तिला तेव्हा कळलं. दुसरं कुणी जखमी होईल तेव्हाच तिचा उपयोग.

मग ती वेशीपाशी उभी राहायला लागली. रानातून परतणारी माणसं तिथूनच आत जायची, कुणाची पट्टी अर्धी, कुणाची पाव. मंगल न बोलता पानाचं बटण दाबायची, त्यांची पट्टी भरायची, आणि ती माणसं न थांबता पळत निघून जायची. एकदा एकानं जाता जाता दोन अक्षरं लिहिली, टी आणि वाय. त्याचा अर्थ तिनं रविवारी जेवायला आलेल्या एका कॉलेजच्या मुलीला विचारला. ते थँक यू असतं काकू, ती म्हणाली, सगळं लिहायला वेळ नसतो ना. मंगलला बरं वाटलं. त्या दिवशी तिनं त्या टेबलावर भजी जास्त दिली.

जुलैत एक दिवस चौघांच्या एका टोळीनं तिला आपल्यात घेतलं. त्यांची वैदीण आली नव्हती म्हणे. मंगल हरखली. टोळी एका गुहेत शिरली आणि तिथं असा काही गोंधळ माजला, की कुणाची पट्टी कुठली हेच तिला उमजेना. पडद्यावर इंग्रजी अक्षरं धडाधड पडत होती, सगळी मोठ्ठाली, आणि सगळीकडं तिचंच काम मागत होती. तिनं जिवाच्या आकांतानं बोट चालवलं. तेवढ्यात रेंज गेली. ती परत आली तेव्हा चौघेही आडवे झाले होते आणि पुढच्या क्षणी टोळीनं तिला बाहेर काढलं. जाता जाता एकानं एक शब्द तिच्यासाठी लिहिला. मंगल नववीपर्यंत शिकली होती. अक्षर अक्षर लावून तिनं तो वाचला, यूजलेस. त्याचा अर्थ विचारायला तिला कुणाकडं जावं लागलं नाही.

चार दिवस तिनं गेम उघडला नाही. पाचव्या दिवशी तिच्या मनात आलं, की आपण दुसरं कुणीतरी होऊन का बघू नये. त्यात अडचण होती. फुकटच्या खात्यात एकालाच जागा. नवी बनवायची तर जुनी कायमची काढायची, मग तिच्याबरोबर तिनं मिळवलेलं सगळं जाणार, आणि मैत्रिणीच्या यादीतलं ते एक नावही.

सोमवारी सोनियाचा फोन आला तेव्हा मंगलनं हे तिला विचारलं. सोनिया दुकानात होती. मागं ढकलगाड्यांचा आवाज आणि मुलींचं हसणं.

"मग काढून टाक ना तिला," सोनिया म्हणाली. "नवीन बनव. त्यात काय एवढं, आई?"

मग तिला कुणीतरी हाक मारली आणि तिनं नंतर करते म्हणून फोन ठेवला. त्यात काय एवढं, हे मंगलला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

बुधवारी पारूबाई आली. वरच्या धनगरवाड्यावरची ही म्हातारी शनिवार-रविवार मंगलकडं भाकऱ्या करायला उतरायची; आज अधल्यामधल्या वारी दह्याचं मडकं घेऊन आली होती. पाऊस पत्र्यावर वाजत होता, म्हणून बसली. मंगलच्या मोबाईलवर त्या दगडी पायऱ्या उघड्या होत्या आणि पाच जणी उभ्या होत्या. या कोण, असं पारूबाईनं विचारलं. मंगलनं समजावून सांगितलं, की यातली एक आपण निवडायची आणि मग तिच्या रूपानं त्या रानात हिंडायचं. म्हातारीला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती पदरानं हात पुसून नीट जवळ सरकली.

दोघींनी मिळून एकेकीवर बोट ठेवून पाहिलं. बोट ठेवलं की ती बाई एक पायरी पुढं यायची. जादूगारीण आली ती डोळे फिरवत, अंगात आल्यासारखी. पारूबाई म्हणाली, हिचं खरं न्हाई. चोरटी हसत आली, ती दोघींनाही आवडली नाही. तिरंदाज आली पण तिची नजर आपल्याकडं नाहीच, कुठंतरी लांब. वैदीण मान खाली घालून आली. हीच आपण इतके दिवस होतो, असं मंगलनं सांगितलं. पारूबाई तिच्याकडं बराच वेळ बघत राहिली.

मग म्हातारीनं आपली एक हकिगत सांगितली. ती तरणी असताना एका आषाढात तिचा नवरा सावळाराम मीठ-मिरची आणायला खाली उतरला आणि मागं ओढा फुगला. अकरा दिवस तो वर येऊ शकला नाही. वाड्यावरची बाकीची घरं आधीच खाली गेलेली. वर ती, सतरा जनावरं आणि रोज संध्याकाळी कडेनं फिरणारा वाघरू. पहिले तीन दिवस ती ओढ्याच्या काठावर बसून नवऱ्याची वाट बघत होती. त्या तीन दिवसांत दोन वासरं गेली. चौथ्या दिवशी ती ओढ्याकडं पाठ करून गोठ्यात गेली. नंतरच्या आठ दिवसांत एकही गेलं नाही. एवढं सांगून तिनं मोबाईलकडं बोट केलं.

"यातली कुणाची वाट न बघता चालाय लागंल, अशी कंची हाय?"

मंगलनं तलवारवालीवर बोट ठेवलं. ती पुढं आली, तलवार जमिनीत रोवली आणि सरळ मंगलच्या डोळ्यात बघून उभी राहिली.

"मंग ही घे," पारूबाई म्हणाली, आणि पाऊस जरा ओसरला तशी मडकं रिकामं करून निघून गेली.

म्हातारी वळणाआड गेल्यावर मंगलनं शेवटचं बटण दाबलं. गेमनं विचारलं, जुनी काढायची हे नक्की का. नक्की असेल तर तिचं नाव पुन्हा लिहा. मंगलनं एकेक अक्षर शोधून मंगल लिहिलं, मग चार, मग सात. सात लिहिताना बोट थांबलं होतं. पडद्यावर वैदीण मान खाली घालून उभी होती, मग ती नव्हती. नव्या बाईला नाव विचारलं तेव्हा मंगलनं पानशेतवाली लिहिलं. हे नाव अख्ख्या जगात कुणी घेतलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी ती सात वेळा मेली. मागं उभं राहायची सवय लागलेली, पुढं जायचं म्हटलं की अंगठा आपोआप मागं ओढायचा. पण तलवारीला सवय लागत गेली. चौथ्या दिवशी ती त्या डबक्यापाशी गेली आणि तीन घावांत बेडूक उताणा पाडला. रिकाम्या शेडमध्ये ती एकटीच मोठ्यानं हसली. रस्त्यावरून चाललेल्या गेनू लोहोटानं चमकून आत पाहिलं आणि काय झालं वहिनी म्हणून विचारलं. काही नाही, बेडूक मेला, असं ती म्हणाली. तो बरं म्हणून पुढं गेला.

पंधरा दिवसांनी गेमनं तिला ढाल दिली. गोल, तांब्याची. ती आपोआप पाठीला अडकली आणि कोपऱ्यात एक नवीन बटण उगवलं. मंगल त्या दिवशी दलदलीत होती, खेकड्यांच्या जागी. तीन खेकडे एकदम अंगावर आले. पट्टी आखडायला लागली तशी तिनं घाबरून नवीन बटण दाबलं. ढाल पाठीवरून हातात आली. खेकडे नांग्या आपटत राहिले आणि पट्टी जागची हलेना. ती कितीही वेळ तशी उभी राहू शकली असती. तिनं सावकाश एकेकाला आडवं केलं. अंगावर ओरखडा नाही.

तिथंच तिनं मोबाईल टेबलावर ठेवला.

याच दलदलीत, याच खेकड्यांसमोर तिनं महिनोन्‌महिने लेकीची पट्टी आखडताना पाहिली होती. आई बघ की, मेले की मी. आणि ती ढाल सगळा वेळ तिच्या डोळ्यांसमोर होती, सोनियाच्या पाठीवर. सोनियानं ती एकदाही हातात घेतली नव्हती. तिला गरज कधीच नव्हती, वैदिणीची. मंगल समोरच्या पाण्याकडं बघत बसली. आपल्याला फसवलं म्हणून रागवावं, की एवढे घाव लेकीनं आपल्यासाठी अंगावर घेतले म्हणून रडावं, हे तिला कळेना. शेवटी दोन्ही न करता ती उठली आणि उगीचच चारही टेबलं पुसून काढली.

पुढच्या फोनवर तिनं सरळ विचारलं.

"सोने, तू ढाल का न्हवतीस घेत?"

सोनिया आधी कुठली ढाल म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं.

"घेतली असती तर तुला काय काम राहिलं असतं, आई?" ती म्हणाली. मग म्हणाली, "तुला कसं कळलं पण?"

मंगलनं सांगितलं, की ती आता तलवारवाली झाली आहे. वैदीण काढून टाकली.

"खरंच काढलीस?"

"तूच म्हनालीस की."

"हो. म्हणाले मी." सोनियाचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं नव्हतं तू खरंच काढशील."

त्यानंतर दोघींनी पावसाचं, सिलिंडरचं आणि पारूमावशीच्या गुडघ्यांचं बोलून घेतलं. ठेवायच्या आधी सोनिया म्हणाली, की या गुरुवारी तिला सुट्टी आहे, ती येईल.

ती आली. दुपारी एकला तो लाल अंगरखा आणि ती वेणी मंगलला शोधत वेशीपाशी आली. सोनिया आधी तिच्या शेजारून निघूनच गेली. नव्या तोंडाची पानशेतवाली तिनं ओळखली नाही. मंगलनं हाक मारल्यावर ती मागं फिरली. मग दोघी दलदलीत गेल्या.

आता दोघीही पुढं होत्या. डावीकडची सोनियानं घ्यायची, उजवीकडची मंगलनं. खेकडे उभे राहायच्या आत आडवे होत होते. आधी एकेका झुंजीला पाच-दहा मिनिटं लागायची आणि त्या वेळात सगळं बोलणं व्हायचं. आता चार घावांत काम संपायचं आणि नंतर दोघी मोकळ्या रानात नुसत्या उभ्या राहायच्या. मंगलनं विचारलं जेवलीस का. सोनिया म्हणाली, तिकडं सकाळच आहे अजून. पुन्हा थोडे खेकडे आले, ते मेले.

मग सोनियानं सांगितलं, की ती दिवाळीला येणार नाही. जास्तीची ड्यूटी घेतली आहे, आणि त्या तिघींबरोबर घर पुन्हा वर्षभरासाठी घेतलं आहे. पुढच्या मे महिन्यात बघेल. हे सांगताना तिची तलवारवाली मंगलकडं पाठ करून उभी होती. गेममध्ये कुणी कुणाकडं तोंड करायला हवं असं काही नसतं, पण मंगलच्या ते ध्यानात आलं.

"येशील तवा ये," मंगल म्हणाली. "हितं काय अडत न्हाई."

"खरंच नाही ना अडत?"

"न्हाई."

सोनियानं मोठा श्वास सोडला, तो इअरफोनमधून साफ ऐकू आला. आई शूर झाली आहे, असं ती हसून म्हणाली. मंगलनंही हसल्यासारखं केलं. पाचेक मिनिटांनी पलीकडं तिच्या घराबाहेर गाडी आल्याचा हॉर्न वाजला, मुलींनी हाक मारली आणि सोनिया गेली. मंगलच्या शेजारी ती जिथं उभी होती तिथं क्षणभर उजेड राहिला, मग नुसती दलदल.

मंगलनं लगेच गेम बंद केला नाही. दलदलीच्या पलीकडं एक खिंड होती. सोनिया तिला तिकडं कधी घेऊन गेली नव्हती. तुला झेपायचं नाही म्हणायची, एका फटक्यात जाशील. मंगल खिंडीकडं चालू लागली. वाटेत दोन वेळा मरता मरता वाचली. दुसऱ्या वेळी तर पट्टी इतकी उरली होती, की ती आहे का नाही हे बघायला मोबाईल डोळ्यांजवळ न्यावा लागला. ती एका दगडाआड थांबली, पट्टी सावकाश आपली आपण भरू दिली आणि पुन्हा निघाली.

खिंड ओलांडल्यावर खाली समुद्र होता. मोठा, निळाकाळा, कडेला पांढरं गवत वाऱ्यावर हलत होतं. तिथं राक्षस नव्हते, माणसं नव्हती, कुणाचं नाव पडद्यावर नव्हतं. मंगलनं बटणं चाचपून बसायचं बटण शोधून काढलं आणि पानशेतवालीला कड्यावर बसवलं. हे एवढं सुंदर आहे हे सोनियाला दाखवावं असं तिच्या मनात आलं. मग तिला वाटलं, सोनियानं हे कधीच बघितलं असणार, एकटीनं, रात्रपाळीच्या आधीच्या एखाद्या दिवशी, आणि तिलाही तेव्हा असंच कुणाला तरी दाखवावंसं वाटलं असेल. इअरफोनमधून लाटांचा आवाज येत होता. मंगल ऐकत बसली.

शेडपुढं एक गाडी थांबली. अधल्यामधल्या वारी आलेलं एक जोडपं, चहा मिळेल का म्हणून विचारत होतं. मंगलनं इअरफोन काढले, मोबाईल आहे तसा टेबलावर उघडा ठेवला आणि गॅस पेटवायला आत गेली.